किरायदार काही मागतो तेव्हा

नागपुरात किरायदाराच्या मागण्यांचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. ऊन तापलं की वरच्या मजल्यावरून हाक येते, "काका, कूलर लावाचा होता. खिडकीची जाळी कापून द्या ना." मागणी एवढीशी दिसते. पण ग्रिल कापणं, लोखंडी स्टँड बसवणं, भिंतीत झिरपणारं पाणी, छतावरच्या टाकीवरचा ताण आणि विजेचं बिल हे सगळं तिच्या पोटात असतं. बरेच घरमालक "लावा ना" म्हणून मोकळे होतात आणि पावसाळ्यात भिंतीचे पोपडे पाहून चिडतात. तोवर किरायदार म्हणतो, तुम्हीच तर हो म्हणाले होते. आणि त्याचं काही चुकीचं नसतं.

माझे खाली-वर मिळून मोजके पोर्शन किरायानं दिलेले आहेत. किरायदार येतात, जातात. त्यांच्या मागण्या ऐकून मी मनाशी एक सोय करून घेतली आहे. जे आपण देणं लागतो ते एका बाजूला, आणि जे मर्जीनं देतो ते दुसऱ्या बाजूला. छत गळणं, संडासाची लाइन तुंबणं, जळकी वायरिंग, कुजलेलं दार यात घासाघीस करायची नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. माझे करार लिव्ह अँड लायसन्सचे असले तरी दुरुस्तीपुरतं मी हेच माप वापरतो. गळकं छत रोखून धरून किराया वाढवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे किरायदार टिकत नाहीत, आणि जाताना एकही बल्ब मागे ठेवत नाहीत.

कूलर मर्जीच्या बाजूचा. पण या गावात मे महिन्यात कूलरला नाही म्हणणं म्हणजे घर सोडा म्हणणंच. म्हणून स्टँड मी बनवून घेतलं, भिंतीपासून जरा अंतर सोडून, पाणी नालीत जाईल अशी नळी लावून. कूलर किरायदाराचा, टुल्लू पंप त्याचा, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की टाकी रिकामी करणंही त्याचंच. डेंग्यूच्या अळ्या पाहायला महापालिकेची माणसं आली की उत्तर घरात राहणाऱ्यानं द्यायचं. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं आणि त्याच्याकडून "ठीक आहे काका" असं लेखी घेतलं.

विजेचं मात्र आधीच निस्तरा. एका मीटरवर दोन कुटुंबं आणि मध्ये सबमीटर, हा भांडणाचा कारखाना आहे. महावितरणचे दर 100, 300, 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतात. दोघांनी अडीचशे-अडीचशे युनिट जाळले तर वेगळ्या मीटरवर दोघंही 300 च्या आत राहतात. एकाच मीटरवर ते 500 होतात आणि वरचे 200 महागात पडतात. हे जादा पैसे कोणाचे, याचं उत्तर कोणत्याच सबमीटरवर उमटत नाही. पोर्शनला स्वतंत्र मीटर घ्या.

सगळ्यात अवघड बोलणी मला 2023 मध्ये करावी लागली. 23 सप्टेंबरच्या पहाटे अतिवृष्टीनं अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. त्या भागातल्या आमच्या तळमजल्यावर एक कुटुंब राहत होतं. पाणी ओसरल्यावर घरभर चिखल, फ्रिज आडवा, मुलांची वह्या-पुस्तकं भिजून फुगलेली. त्या घरच्या काकूंनी काही मागितलं नाही, नुसत्या दारात उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी त्यांच्या यजमानांनी तीन गोष्टी विचारल्या: या महिन्याचा किराया, सामानाची भरपाई, आणि मुदतीआधी घर सोडता येईल का.

तिन्हींना एकच उत्तर देऊन चाललं नसतं. घर राहण्याजोगं नव्हतं तेवढ्या दिवसांचा किराया घ्यायचा प्रश्नच नव्हता. वायरिंग, दारं, रंग माझ्याकडे. फ्रिज आणि गाद्यांची भरपाई मी देणार नाही, हे मात्र तिथंच, त्याच बैठकीत सांगितलं. पुराचं पाणी मी आणलेलं नव्हतं, आणि आज हळहळून मोघम आशा लावली असती तर महिनाभरानं तेच वैर झालं असतं. मुदतीआधी जायचं असेल तर एका महिन्याच्या नोटिशीची अट सोडली आणि डिपॉझिट पूर्ण देईन म्हणालो. ते गेले नाहीत. आता करारात पूर, आग, छत कोसळणं यासाठी वेगळं कलम घालतो.

करार नोंदवलेलाच हवा. त्याच 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी ही मालकाची जबाबदारी. ती न केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी, नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, खोटं ठरवणं मालकाच्या माथी. मुदत संपूनही लायसन्सधारक हलला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट शुल्क लागतं. माझ्या वडिलांच्या काळात विदर्भात 1949 चा सीपी अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता. किरायदाराला नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची, मग दिवाणी दावा. त्या धास्तीनं महाल भागातले कित्येक वाडे कुलूपबंद राहिले. आज ती धास्ती नाही, पण नळ किंवा वीज तोडून माणूस काढायची खोड काहींची गेलेली नाही. 1999 च्या अधिनियमाच्या कलम 29 प्रमाणे तो गुन्हा आहे.

किराया वाढवताना साधा हिशेब करतो. 10,000 वर दहा टक्के म्हणजे 11 महिन्यांत 11,000. तेवढ्यासाठी चांगला माणूस गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, वर रंग आणि दलाली, तर वाढ गेलीच. म्हणून वेळेवर पैसे देणाऱ्यानं "काका, औंदा पाचच टक्के करा" म्हटलं की मी फार ताणत नाही. बदल्यात करार संपण्याआधीच पुढचं सांगायचं, एवढं मागतो.

पावतीला आणि पॅनला का-कू करू नका. वर्षाचा किराया एक लाखाच्या वर गेला की घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्या नोकरदाराला मालकाचा पॅन द्यावा लागतो. लोक कराच्या भीतीनं टाळतात. मालमत्ता कर आणि उरलेल्यावर 30 टक्के वजावट जाऊन कर लागतो, हे त्यांच्या ध्यानात नसतं.

डिपॉझिट किल्ली हाती येते त्याच दिवशी परत. मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून पाहायचं, कापलं ते का कापलं हे कागदावर लिहून द्यायचं. रंगाचे पैसे त्यात धरायचे नाहीत. नागपूरच्या उन्हात तो असाही उडतो.