गव्हाणीची गोष्ट : शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

वाचनभाग : लूक २:१-७, योहान ६:१-१३



नाताळ जवळ आला की आपल्या शब्बाथ शाळांतून येशूजन्माची गोष्ट सांगितली जाते. पाच ते आठ वर्षांच्या लेकरांना ती तोंडपाठ असते. पण गव्हाण म्हणजे काय असे विचारले, तर पुष्कळांना सांगता येत नाही. गुरांना वैरण घालण्याची ती जागा शहरातल्या मुलांनी पाहिलेलीच नसते. यंदा पाठाची सुरुवात तेथूनच करावी, असे आम्हांस वाटते. त्याला कारण आहे.

एका नाताळात आम्ही गोष्ट सांगितली, देखावा मांडला, मुलांना प्रीतिभोजन दिले आणि उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून उपासनामंदिराच्या मागे टाकले. दुसऱ्या दिवशी एक गाय पिशवीसकट ते खात होती. एका लहान मुलीने विचारले, "काका, ही आपली गव्हाण का?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

गाईला पिशवीची गाठ सोडता येत नाही. अन्नाच्या वासाने ती पिशवीच गिळते. प्लॅस्टिक पचत नाही. ते पोटात साठत जाते, मग चारा जात नाही आणि जनावर खंगून मरते. एवढे लहान मुलालाही समजते.

म्हणून पाठ असा घ्यावा :

१. गोष्ट. लूकाने गव्हाण सांगितली आहे, जनावरे सांगितलेली नाहीत. बैल व गाढव हे यशया १:३ वरून पुढे परंपरेने आले. इ. स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो गावी असिसीच्या फ्रान्सिसने खरी गव्हाण, गवत, बैल व गाढव आणून नाताळची उपासना केली. प्रभूची गरिबी लोकांना डोळ्यांनी दिसावी हा त्याचा हेतू. आपणही जमल्यास मुलांना गोठा दाखवावा, त्यांच्या हातून मूठभर वैरण घालवावी.

२. प्रश्न. "प्रभूला निजवले ती कोणाच्या जेवणाची जागा?" उत्तर मुलांनाच देऊ द्यावे. पृथ्वीचा नाश होणार अशी भीती घालू नये. भ्यालेले मूल काळजी घेत नाही, प्रेम करणारे मूल घेते.

३. कृती. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे वाया न घालवता गोळा करविले. बारा टोपल्या भरल्या. तशीच आपल्या भोजनानंतर मुलांनी टोपली फिरवावी. चांगले अन्न गरजूंना द्यावे, साली-देठे खताच्या खड्ड्यात टाकावीत, प्लॅस्टिक निराळे ठेवावे. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तेव्हा तारा कामट्या व कागदाचा करावा आणि पुढच्या वर्षासाठी जपून ठेवावा.

प्रियांनो, मुले आपले शब्द विसरतात, पण आपले हात पाहून शिकतात. मंदिरात आपण काय सांगतो हा जसा पाठ, तसा मंदिरामागे आपण काय टाकतो हाही पाठच आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला यंदा तरी आपण कृतीने उत्तर देऊ या.