वसंतातले उपक्रम आणि प्रगतीपत्रकातल्या खऱ्या नोंदी

फेब्रुवारी संपत आला की शाळेत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. बाहेर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात आणि आत कार्यालयात निकालाची कागदपत्रं बाहेर निघतात. मुलांचं लक्ष खिडकीबाहेर आणि आपलं लक्ष तक्त्यात! या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की ही दोन कामं वेगळी नाहीत. वसंतातले चार साधे उपक्रम नीट घेतले, तर वर्षअखेरीच्या वर्णनात्मक नोंदींसाठी हवा तेवढा खरा मजकूर मिळतो.

आपण सगळे जाणतोच की 'अभ्यासात लक्ष देतो', 'स्वच्छता पाळते', 'गृहपाठ वेळेवर करतो' अशी तयार वाक्यं बाजारात आणि मोबाईलवर सहज मिळतात. कामाचा बोजा इतका असतो, की ती उतरवून काढावीशी वाटणं साहजिक आहे. पण तीस मुलांच्या पत्रकांवर तेच वाक्य असेल, तर एकाही मुलाबद्दल आपण काही सांगितलेलं नसतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा हेतू नेमका याच्या उलट आहे.

उपक्रम 1 : आपलं झाड

शाळेजवळचं एक झाड चार-पाच मुलांच्या गटाला द्यावं. पिंपळ, कडुलिंब, करंज, आंबा, पळस, जे असेल ते. दर सोमवारी मुलं झाडापाशी जातात आणि तीनच गोष्टी वहीत लिहितात : पानं कशी आहेत, फुलं-फळं आहेत का, झाडावर कोण आलं. पहिली-दुसरीची मुलं चित्र काढतील, तिसरी-चौथीची वाक्यं लिहितील.

शिशिरात पानं गळतात आणि वसंतात पालवी फुटते, हे पुस्तकात असतंच. प्रत्यक्षात प्रत्येक झाडाचं वेळापत्रक निराळं असतं. पिंपळाची कोवळी पानं तांबूस असतात आणि नंतर हिरवी होतात. पळस पानं गाळून मग फुलतो. आंब्याचा मोहर त्याआधीच आलेला असतो आणि मार्चमध्ये बारीक कैऱ्या दिसतात. बहावा मात्र एप्रिल-मेपर्यंत थांबायला लावतो. 'सगळी झाडं एकदम का नाही फुलत?' हा प्रश्न मुलांकडून आपोआप येतो. त्याचं उत्तर लगेच देऊ नका, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

उपक्रम 2 : फुलातलं गणित

काटेसावरीची खाली पडलेली फुलं गोळा करा (झाडावरची तोडायची नाहीत, हा नियम आधीच सांगावा). प्रत्येक फुलाला पाच जाड पाकळ्या. सहा फुलं मांडली की पाचचा पाढा जमिनीवर तयार! आत पुंकेसरांचा झुबका असतो. ते मोजताना मुलं हमखास चुकतात, मग कोणीतरी दहा-दहाचे ढीग करतं. दशक-एकक समजवायला यापेक्षा चांगलं साहित्य मला तरी मिळालेलं नाही.

'पळसाला पाने तीनच' ही म्हण याच वेळी घ्यावी. पळसाच्या एका पानाला तीन पर्णिका असतात आणि झाड कुठल्याही गावचं असो, ते बदलत नाही. म्हणीचा अर्थ मग सांगावा लागत नाही, मुलंच सांगतात. आजीला विचारून या, असं सांगितलं तर पत्रावळी आणि होळीचा केशरी रंग अशा दोन्ही गोष्टी घरून कळतात.

उपक्रम 3 : गाणारा कोण?

वसंतात पहाटेपासून कुहू-कुहू सुरू असतं. आपल्या बोलण्यात 'कोकिळा गाते' असंच येतं. खरं तर तो आवाज नराचा, म्हणजे कोकीळ पक्ष्याचा. नर काळाभोर आणि लाल डोळ्यांचा, तर मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके असलेली. मादी अंडी घालते ती बहुधा कावळ्याच्या घरट्यात. लिंगबदलाचा पाठ, परिसर अभ्यास आणि निरीक्षण असं तिन्ही एका तासात होतं. मुलांना आवाज ऐकून पक्षी शोधायला लावा. दिसला नाही तरी चालेल, शांत उभं राहून ऐकणं हाही अभ्यासच आहे. 20 मार्चच्या जागतिक चिमणी दिनालाही घोषणा देण्यापेक्षा दहा मिनिटं चिमण्या मोजलेल्या बऱ्या.

उपक्रम 4 : सावलीची वही

मैदानात एक मीटरची सरळ काठी रोवा. दर सोमवारी सकाळी बरोबर दहा वाजता तिची सावली मोजपट्टीने मोजा. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात त्याच वेळेची सावली आठवड्यागणिक आखूड होत जाते. 21 मार्चच्या आसपास दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, तेही याच वहीत नोंदवता येतं. पुढे मे महिन्यात आपल्याकडे भरदुपारी काही क्षण उभ्या काठीची सावली दिसतच नाही. पुण्यात हा शून्य सावलीचा दिवस साधारण 13-14 मे रोजी येतो. तेव्हा सुट्टी असते, म्हणून तो पालकांनी मुलांबरोबर घरी पाहावा.

आता यशाबद्दल

शिष्यवृत्ती, नवोदय, क्रीडा स्पर्धा यांतल्या यशाचं कौतुक झालंच पाहिजे. त्यामागे मुलांची आणि शिक्षकांची मेहनत असते. पण फलकावर दोन-तीन नावं लागतात आणि बाकीच्या मुलांना वाटतं, आपण काहीच केलं नाही. या उपक्रमांत मला दिसलेल्या काही नोंदी पाहा :

- 'पुंकेसर मोजताना दहाचे गट करण्याची कल्पना हिची. आता तीन अंकी संख्या न चुकता वाचते.'
- 'वर्गात कमी बोलतो. पण पक्ष्यांचे आवाज ओळखतो आणि गटाला शिकवतो.'
- 'सलग सात सोमवार सावली मोजली. सेंटिमीटर-मिलिमीटर यांचा गोंधळ दूर झाला.'
- 'ऊसतोडीहून मार्चमध्ये परतला. वाचन अजून अडखळत, पण वाटेत पाहिलेल्या झाडांची नावं सांगतो. त्याच नावांच्या चिठ्ठ्यांवरून वाचन सुरू केले.'

ही शेवटची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हंगाम संपवून आलेलं मूल वर्गात मागे पडलेलं दिसतं, कारण आपण त्याला फक्त न झालेल्या पाठांवरून मोजतो. झाडापाशी नेलं की तेच मूल पुढे येतं. त्याला जे येतं तिथून सुरुवात केली, तर पुढच्या वर्षी ते शाळेत टिकण्याची शक्यता वाढते. हा निव्वळ कौतुकाचा नाही, त्या मुलाच्या शिक्षणाचाच प्रश्न आहे.

नोंद लिहिताना तीन गोष्टी पाळाव्यात. मुलाने काय केलं ते क्रियापदात लिहा, विशेषणात नको. आधी काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं, ते लिहा. आणि दिवसाला फक्त तीन मुलांची नोंद घ्या. तीस मुलांचा वर्ग दहा दिवसांत पूर्ण होतो आणि शेवटच्या आठवड्याची धावपळ वाचते.

पालकांसाठी दोन शब्द

प्रगतीपत्रक हातात आलं की श्रेणी तर बघाच, पण नोंद मुलासमोर मोठ्याने वाचा. 'हे तू कसं केलंस, मला दाखव ना,' असं म्हणा. शेजारच्या मुलाला काय मिळालं, ते त्या दिवशी विचारू नका.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते, उन्हं तापायच्या आत पहिली तासिका झाडाखाली सहज घेता येते. पाण्याची बाटली आणि टोपी मात्र सोबत असू द्या. येत्या सोमवारी एकच झाड निवडून सुरुवात करा.