दुहेरी काच आणि पश्चिमेचे ऊन

दुकानात एसी बसवायचे ठरले की ‘दुहेरी काच लावा, उष्णता आत येणार नाही’ असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे. काच व अॅल्युमिनियमचे काम करणाऱ्या कारागिरांनी आणि पैसे मोजणाऱ्या दुकानदारांनी त्यामागचा हिशेब समजून घ्यावा, म्हणून आम्ही तो येथे देत आहोत.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी येते. एक, बाहेरची गरम हवा काच तापवते व ती उष्णता आत झिरपते. दुसरी, ऊन काचेतून सरळ आत येते. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा पहिली वाट जवळपास निम्म्याने अडवते. दुसरी वाट मात्र साध्या पारदर्शक काचेने, ती दुहेरी असली तरी, फारशी अडत नाही.

उमरखेडमधील १ चौरस मीटरची पश्चिमेकडील खिडकी घेऊ. मे महिना, दुपारचे साडेचार. बाहेर ४३ अंश, आत २८ अंश, काचेवर ६०० वॅट ऊन असे धरू. येणारी उष्णता अंदाजे अशी:

१) एकेरी काच: उन्हाची ४९० + हवेची ८५ = ५७५ वॅट.
२) दुहेरी काच: ४२० + ४० = ४६० वॅट.
३) एकेरी काच व बाहेरून चिकाचा पडदा (ऊन १५० वॅटवर आले असे धरून): १२५ + ८५ = २१० वॅट.

म्हणजे महागड्या दुहेरी काचेपेक्षा बाहेरचा साधा पडदा येथे जास्त काम करतो. पडदा बाहेरच हवा. आतून लावला तर ऊन काच ओलांडून आलेले असते.

मग छज्जा का नको? उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला लहान छज्जा पुरतो. साडेचारला मात्र सूर्य सुमारे ३० अंशांवर उतरतो. तेव्हा पश्चिमेची चार फूट उंच खिडकी झाकायला जवळपास सात फुटांचा छज्जा लागेल!

केंद्र सरकारने २०१८ मध्ये घरांसाठी आणलेल्या ‘इको-निवास संहिते’तही खिडकीची दिशा, काच आणि सावली यांचा एकत्रच हिशेब आहे.

तेव्हा दर सांगण्यापूर्वी कारागिराने खिडकीची दिशा पाहावी. शोकेससाठी पडदा चालत नसेल, तर काचेचा ‘एसएचजीसी’ आकडा विचारावा. तो ० ते १ यांमध्ये असतो. जितका लहान, तितके ऊन कमी. गिऱ्हाइकाला आधी सावली सुचवा, मग काच. त्याचे वीजबिल उतरले, तर पुढचे काम तो तुम्हालाच देईल.