सगळ्यांच्या मशीनचं बटण

एका मशीनवर चौघं बसत असतील तर त्याचं बटण कुणी एकट्याने बंद करायचं नसतं. ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या पतपेढ्यांची आणि लहान कारखान्यांची मशीनं सांभाळताना हे मला पुरतं कळलं. आज दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात एकाच संगणकावर अनेकांचं काम ठेवणाऱ्यांना ते आवर्जून सांगावंसं वाटतं.

तेव्हाच्या डॉस या प्रणालीवर एका वेळी एक माणूस, एक काम. काम संपलं की स्विच बंद. झेनिक्स वेगळं होतं: त्यावर एकाच वेळी अनेकजण काम करत. मायक्रोसॉफ्टने 1980 मध्ये जाहीर केलेलं हे युनिक्सचंच रूप, एससीओ कंपनीने पर्सनल कॉम्प्युटरवर आणलेलं. 8088 प्रोसेसरला एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून राखता येत नसे. 286 मध्ये ती सोय आली. मग 286 वरच्या पीसी-एटीत सीरियल पोर्टांचं कार्ड बसवून त्याला डंब टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड, जोडायची. 9600 च्या वेगाने सेकंदाला साधारण 960 अक्षरं येत, म्हणजे भरगच्च पडदा उमटायला दोन सेकंद. लहान संस्थेला तेवढं चालत होतं, कारण दुसऱ्या संगणकापेक्षा टर्मिनल परवडायचं.

धोका दिसत नव्हता तो आतमध्ये. झेनिक्स प्रत्येक नोंद तत्काळ डिस्कवर लिहीत नसे. ती आधी मेमरीत राही आणि साधारण अर्ध्या मिनिटाने बाकीच्या नोंदींसोबत डिस्कवर उतरे. वेग येई तो त्यामुळेच. डोंबिवलीतल्या एका पतपेढीत संध्याकाळी रोखपाल भरणा नोंदवत होते, शेजारच्या टर्मिनलवर व्याजाची आकारणी चालू होती, आणि डॉसची सवय असलेल्या कुणीतरी घरी निघताना मुख्य मशीनचा स्विच दाबला. पुन्हा सुरू केल्यावर तपासणीच्या प्रोग्रामने डिस्क जुळवून दिली खरी, पण काही फायलींची नावंच गेली होती, नुसते आकडे उरले होते. खात्यात रक्कम दिसे, कीर्दीत नोंद नसे. व्हाउचरांचा गठ्ठा जपून ठेवलेला होता म्हणूनच हिशेब उभा राहिला.

तेव्हापासून माझा आग्रह असा: आधी ‘हू’ ही कमांड देऊन कोण कोण आत आहे ते बघा, मोठ्याने विचारा, मग रीतसर शटडाउन द्या, आणि वीज बंद करायला हरकत नाही असं पडद्यावर येईपर्यंत हात लावू नका. यूपीएसची बॅटरी मशीन नीट बंद करण्यापुरती धरा. लाइट गेल्यावर तिच्यावर पासबुकं भरत बसू नका. डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी, म्हणून तिथे गुरुवारी संध्याकाळी मशीन बंद करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवायला मी सांगत असे.

दुसरा धोका अधिक फसवा आहे, कारण वीज असतानाही तो घडतो. खात्यात 5,000 रुपये आहेत. एका टर्मिनलवर 1,000 भरले, त्याच क्षणी दुसऱ्यावर 2,000 काढले. दोघांनीही 5,000 ची शिल्लक वाचलेली. जो नंतर सेव्ह करेल त्याचा आकडा राहतो: 6,000 किंवा 3,000. खरी शिल्लक 4,000, ती कुठेच नाही. ऑपरेटिंग सिस्टीमने अनेकांना आत घेतलं म्हणजे हा गुंता आपोआप सुटत नाही. प्रोग्राममध्ये रेकॉर्ड लॉक लागतं, म्हणजे एकाने उघडलेलं खातं तोवर दुसऱ्याला बदलू न देणारी सोय. नवं सॉफ्टवेअर घेताना दोन जागी एकच खातं उघडून समोर दाखवायला लावा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका. मी याबाबतीत हट्टी आहे.

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं, नाहीतर चुकीची नोंद कुणाची हे कधीच कळत नाही. रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड दोघांनाच माहीत असावा आणि एक प्रत पाकिटात सीलबंद.

राहिला बॅकअप. 26 जुलै 2005 च्या पावसात कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं. मशीनशेजारच्या कपाटात ठेवलेली प्रत अशा दिवशी मशीनबरोबरच जाते. प्रत दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवा आणि ती अधूनमधून दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा. कुणाकडे जुन्या कार्ट्रिज टेप पडून असतील तर त्या आताच वाचून घ्या. आतला रबरी पट्टा बऱ्याच वर्षांनी सैल पडतो, चिकटतो, आणि चालू ड्राइव्ह मिळणंही कठीण होत चाललं आहे. त्यातली मराठी नावं इस्की संकेतात असली तर टेप वाचून झाल्यावर ती युनिकोडमध्येही बदलून घ्यावी लागतील.