प्रवाळाचे कलम



शेवग्याची फांदी मातीत खोचली की फुटते, हे आपल्या आदिलाबादेत सर्वांनी पाहिले आहे. समुद्रातील मऊ प्रवाळही तुकड्यापासून वाढते; मात्र ती वनस्पती नव्हे, प्राणी आहे.

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हौशी लोक छत्रीच्या आकाराच्या प्रवाळाच्या कडेचा तुकडा धारदार पात्याने कापतात, लहान दगडावर जाळीने सैल बांधतात आणि मंद प्रवाहात ठेवतात. काही आठवड्यांत तो दगडाला चिकटतो. हातमोजे हवेतच, कारण काही प्रवाळांचा स्राव विषारी असतो. पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि तापमान २५ अंशांच्या आसपास लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात हे फार खर्चाचे काम! पालकांनी हा हट्ट पुरवू नये, असे माझे मत आहे.

पण असा तुकडा टाकीतच वाढला, तर समुद्रातील खडक फोडावा लागत नाही. कठीण प्रवाळही जागा बदलून जगू शकते. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी व हाजीअली येथील १८ प्रवाळ-वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दुसरीकडे हलवल्या. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागली, कारण २००१ पासून कठीण प्रवाळ वाघाप्रमाणेच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.