वाढत्या अजगराची पेटी

कलाशाखेच्या वार्षिकात अजगराच्या पेटीवर लेख पाहून काहींना हसू येईल. येऊ दे. या विषयात भूमिती आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही ज्याला दीर्घकालीन खर्च म्हणतो, तोही आहे.

प्रथम एक खुलासा. आपल्या रानांतला अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा होय. मी लिहितो आहे ते पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या बॉल पायथनविषयी. इंग्लंडमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात, आणि तिकडे तो परवान्याशिवाय पाळता येतो.

अंड्यातून निघालेले त्याचे पिलू वीतभर ते दोन वीत लांब असते. पूर्ण वाढलेला नर साधारण तीन-साडेतीन फुटांचा, तर मादी चार ते पाच फुटांची होते. यातली बहुतेक वाढ पहिल्या तीन वर्षांत उरकते. प्रश्न असा की पेटी घ्यायची ती आजच्या सापाच्या मापाची की तीन वर्षांनंतरच्या?

माझा मावसभाऊ लेस्टरला असतो. त्याने असे पिलू घ्यायचे ठरवले, तेव्हा दुकानदाराने त्याला तीन पायऱ्या सांगितल्या: आधी हातभर प्लॅस्टिकचा डबा, वर्षाने मध्यम पेटी, मग मोठी. दादाने फोनवर मला हिशेब विचारला आणि त्या निमित्ताने मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. दुकानदाराच्या सल्ल्यातला व्यापार सोडून देऊ; पण त्यामागे एक समजूत आहे आणि ती तपासण्याजोगी आहे.

जुना नियम असा: पेटीची लांबी अधिक रुंदी ही सापाच्या लांबीइतकी असली म्हणजे पुरे. चार फुटांच्या सापाला या नियमाने अडीच फूट लांब, दीड फूट रुंद पेटी चालते. क्षेत्रफळ पावणेचार चौरस फूट. अशा पेटीत कर्णावर निजूनसुद्धा त्याला अंग सरळ करता येत नाही. साप वेटोळे घालूनच बसतो, त्याला सरळ व्हायची गरज काय, असे यावर म्हटले जाई. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीव सापांवर तासतासभर नजर ठेवली, तेव्हा ६५ पैकी २४ साप त्या तासात सरळ वा जवळजवळ सरळ पसरलेले दिसले. म्हणून आता पुष्कळ जाणकार सांगतात की पेटीची लांबी निदान सापाइतकी हवी. मग तोच चार फुटांचा साप चार बाय दोनच्या पेटीत जातो, म्हणजे आठ चौरस फुटांत. जुन्या नियमाच्या दुपटीहून जास्त!

अमेरिकेत माप गॅलनमध्ये सांगतात, कारण काचेच्या टाक्या मुळात माशांच्या. हे माप फसवे आहे. वीस गॅलनची म्हणून विकली जाणारी एक टाकी ३० इंच लांब नि १२ इंच उंच, तर दुसरी २४ इंच लांब नि १६ इंच उंच असते. पाणी जवळपास तेवढेच, पण जमीन सहा इंचांनी आखूड. सापासाठी आधी जमीन मोजावी.

लांबीचे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सापाचे शरीर स्वतःची ऊब राखत नाही. खाल्लेला उंदीर पचवायला तो उबेकडे जातो आणि अंग तापले की गारव्याकडे सरकतो. म्हणून पेटीचे एक टोक ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दुसरे २५-२६ अंशांवर ठेवतात. आखूड डब्यात हा फरक टिकतच नाही. सगळा डबा सारखाच तापतो आणि साप जाणार कुठे? थर्मोस्टॅट कितीही चांगला असला तरी तो जागा निर्माण करू शकत नाही.

आता दुकानदाराची बाजू. मोठ्या पेटीत पिलू बिचकते आणि खाणे सोडते, असे तो म्हणाला. हे निरीक्षण अगदीच खोटे नाही. बॉल पायथन भित्रा. घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडू होतो. पण तो बिचकतो ते उघड्या माळाला. दोन्ही टोकांना अंग घट्ट मावेल असे एकेक बीळ ठेवावे, मध्ये झाडाची साल, पाने, फांद्या भराव्यात. आफ्रिकेत तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो हे खरे; पण त्या बिळाला बाहेर पडायचे तोंड असते, आणि नर तर झाडांवरही चढलेले आढळतात. दादाने पहिल्याच दिवशी चार बाय दोन बाय दोनची पेटी घेतली नि निम्मी पाल्याने भरली.

पेटी लहान ठेवली की साप लहान राहतो, ही समजूत मात्र निखालस खोटी. साप पेटी पाहून नव्हे, खाऊन वाढतो. बर्मी अजगराचे पिलू दीड-दोन फुटांचे म्हणून लोक घेतात, पण ते पुढे बारा-पंधरा फुटांचे होते. त्याला पेटी नव्हे, खोली लागते. फ्लोरिडात असे साप लोकांनी सोडून दिले वा ते निसटले आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची वीण वाढली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या रस्त्यांवर रॅकून ९९ टक्क्यांनी कमी दिसल्याची नोंद आहे. त्याच वर्षी अमेरिकेने या अजगराची आयात बंद केली.

बॉल पायथनपायी एवढे होत नाही. खोली द्यावी लागत नाही, भिंतीचे चार फूट द्यावे लागतात. पण ते किती काळ, हेही मोजायला हवे. पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी १९६१ साली आली आणि २०२० साली, नर जवळ नसताना, तिने सात अंडी घातली.