जनावरांची गंधभाषा आणि आपला गोठा

कृष्णा-पंचगंगेच्या काठी ऊस पिकविणाऱ्या शिरोळ तालुक्यातील शेतकरी बंधूंस गंधाचे सामर्थ्य नवे नाही. खोडकिडीसाठी फडात लावलेल्या कामगंध सापळ्यात मादी पतंगाच्या गंधाची नक्कल असते व तीस भुलून नर पतंग सापडतात. हेच सामर्थ्य आपल्या गोठ्यातही रात्रंदिवस काम करीत असते. तिकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

दोन अनोळखी म्हशी भेटल्या म्हणजे प्रथम नाकास नाक लावतात व मग एकमेकींचे अंग आणि शेपटीखालचा भाग हुंगतात. ही त्यांची विचारपूस होय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तालुक्यातील जनावरे छावण्यांत हलवावी लागली. अशा वेळी परकी जनावरे एकदम एका गव्हाणीवर न आणता प्रथम अंतरावर बांधावी. बाजारातून आणलेले जनावर तर तीन आठवडे अगदी वेगळेच ठेवावे, कारण नाकास नाक लागून ओळखीबरोबर रोगही जातो.

गंधाचे खरे महत्त्व म्हैस व्याल्यानंतर कळते. ती रेडकू चाटू लागते, त्यायोगे रेडकू कोरडे होते, तरतरीत होते आणि त्याचा गंध तिच्या स्मरणात ठसतो. हे नाते पहिल्या काही तासांतच जुळते. पुष्कळ घरी हौसेने रेडकू लगेच धुवून काढतात. मग म्हैस त्यास जवळ येऊ देत नाही म्हणून तिलाच बोल लावतात! नाकातोंडातील चिकटा पुसून रेडकू तिच्या पुढ्यात ठेवावे व चीक लवकर पाजावा.

रेडकू दगावल्यास म्हैस पान्हा चोरते. पूर्वी अशा वेळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवीत. म्हैस फसे ती आकारापेक्षा वासाने. आता कित्येक जण सरळ पान्ह्याची सुई टोचतात. हा प्रकार जनावरास अपायकारक आहे व कायद्यासही धरून नाही. त्यापेक्षा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने, पुढे सरकी पेंड ठेवून कास चोळावी. चार-आठ दिवस दूध कमी मिळेल, ते सोसावे. व्याताक्षणीच रेडकू गेले असेल, तर दुसरे लहान रेडकू तिच्याच वारेच्या पाण्याने माखून पुढे ठेवून पाहावे.

आता माजाविषयी. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ती ओरडत नाही, दुसरीवर चढत नाही आणि संधी हुकली की २१ दिवस वाया जातात. रेड्यास मात्र ती वार्ता गंधाने कळते. म्हशीचे मूत्र हुंगून तो मान उंच करतो व वरचा ओठ मुडपतो. लोक म्हणतात, रेडा हसला. वस्तुतः तो तोंडातील वास टाळूवरील दोन बारीक छिद्रांकडे नेत असतो. तेथे गंध ओळखणारे निराळे इंद्रिय आहे. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ याकॉबसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे वर्णन केले. मूत्र हुंगताना रेडा एरवीही ओठ मुडपतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. तो एकाच म्हशीमागे घुटमळत असेल, तिचा सोट काचेसारखा स्वच्छ असेल व ती वरचेवर थोडे थोडे मुतत असेल, तर माज समजावा. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस भरवावी.